रविवारी मोकळी केलेली नायिका

एकदा एका वृद्ध मालिका-निर्मात्यापाशी दोन तरुण निर्मितीचा व्यवसाय शिकत होते. त्या वृद्धाला सारे अण्णा म्हणत. पुढे थोरला शिष्य बाहेर पडला, त्याने स्वतःचं नाटक काढलं आणि ते चाललं. धाकट्याच्या हाती अण्णांनी आपली मालिका सोपवली. काम विश्वासाचं होतं. पण पेपरात गुरुबंधूच्या नाटकाची जाहिरात दिसली की धाकट्याच्या घशाखाली चहा उतरत नसे.

त्यात दोघांची नायिका एकच. आपल्याकडे ही रीतच आहे. आठवडाभर मालिका, सुट्टीच्या दिवशी नाटक, आणि मधली ओढाताण निर्मात्यांनी आपसांत बोलून मिटवायची. एका रविवारी मालिकेचंही चित्रीकरण आलं. चारच्या प्रयोगासाठी नायिकेला एक वाजता सोडायचं ठरलं.

धाकट्याने दिवसाची आखणीच अशी केली, की तिचं एक किरकोळ दृश्य अगदी शेवटी यावं. करार मालिकेचा आधीचा, त्यामुळे बोट ठेवायला कुणाला जागा नव्हती. दोन वाजले तरी ती मेकअप करून बसलेली. मत्सराला एवढाच हिशेब येतो, आपलं किती वाढलं यापेक्षा दुसऱ्याचं किती बुडालं.

तेवढ्यात अण्णा सेटवर आले.

"ताईंचं काय राहिलंय?" नायिकेकडे बघत त्यांनी विचारलं.

"दार उघडतात, तेवढा एक शॉट. पण आखणीत तो शेवटी, संध्याकाळी आहे," दिग्दर्शक म्हणाला.

अण्णांनी धाकट्याकडे एकवार पाहिलं आणि भर दुपारी पॅकअप सांगितलं.

"अण्णा, अर्धा दिवस वाया जाईल. चॅनेलला काय सांगू?"

"ते मी बघतो. आज तू इथे थांबायचं नाहीस. गाडी काढ. ताईंना थिएटरवर सोडायचंय."

धाकटा गाडी चालवू लागला. धाकट्याला वाटत होतं, अण्णांचा जीव अजून त्या थोरल्यावरच आहे. आपण त्यांची मालिका सांभाळायची आणि लाड मात्र त्याचे.

नायिका धावतपळत रंगमंचामागे गेली. नाट्यगृह भरलं होतं, म्हणून गुरुशिष्य शेवटच्या रांगेमागे उभे राहिले. तिसरी घंटा झाल्यावर श्रेयनामावलीची ध्वनिफीत लागली. लेखक, नेपथ्य, प्रकाश असं सगळं झाल्यावर शेवटी गुरुबंधूचा आवाज आला, "आणि मालिकेच्या चित्रीकरणातून आमच्या नायिकेला तालमीपासून दर वेळी आठवणीने मोकळं करणाऱ्या माझ्या धाकट्या बंधूचे विशेष आभार." पाठोपाठ त्याचं पूर्ण नाव. ही फीत पहिल्या प्रयोगापासून वाजत होती. मत्सरापायी धाकटा कधी नाटकाला फिरकलाच नव्हता.

त्याला तिथे उभं राहवेना. तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. अण्णाही शेजारी टेकले.

"वाया गेलेला अर्धा दिवस भरून काढता येतो रे," ते म्हणाले. "पण 'हा माणसं अडवतो' असं एकदा नाव पडलं, तर ते पुसता येत नाही. उद्या तुझ्या मालिकेत लग्न निघेल. सगळे कलाकार एकाच दिवशी लागतील, आणि प्रत्येकाची तारीख दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असेल. तेव्हा करार कुणाला दाखवशील? आपला धंदा एकमेकांच्या शब्दावर चालतो. त्याने तुझं नाव दर प्रयोगाला भरल्या नाट्यगृहात घेतलं. तू आज ते खोटं पाडणार होतास."

"मला त्याचा हेवा वाटतो, अण्णा."

"वाटू दे. मलाही अनेकांचा वाटला. पण हेव्याला आखणी करायला बसवू नकोस."

प्रयोग संपला. थोरला घाईघाईने बाहेर आला. ताईंना उशीर का झाला, हे त्याने विचारलं नाही. फक्त म्हणाला, "थकल्यात आज. उद्या किती वाजता पाठवू?"

धाकट्याने मान खाली घातली. "दहाला येऊ देत," तो म्हणाला. "दाराचा शॉट पहिला घेतो आणि सोडतो."