बिनदाराचं हेलिकॉप्टर

नायगारा पाहायला आमचे व्याही रावसाहेब दळवी यांनी बिनदाराचं हेलिकॉप्टर निवडलं. लग्नातल्या पहिल्या पंगतीपासून मुलाकडच्यांचा मान त्यांनी एकदाही सोडला नव्हता. मला ते यंत्र पाहूनच घाम फुटला. पण नाही म्हटलं, तर लेकीला सासरी जन्मभर टोमणे.

"काय प्रोफेसर, पुस्तकात धीर मिळत नाही वाटतं?" रावसाहेब हसले. "बसा तुम्ही दोघं आधी. आम्ही खालून फोटो काढतो."

आमची ही नम्रपणे म्हणाली, "असं कसं, रावसाहेब? मुलाकडच्यांचा मान पहिला. तुम्ही फिरून या, मग आम्ही."

रावसाहेबांनी हेलिकॉप्टरकडे बराच वेळ पाहिलं.

"धबधबा खालूनच शोभतो," ते म्हणाले.

मुलाकडच्यांचा शब्द मोडायची आमची काय टाप?