साहेबाची मोट

मुंबईत जुन्या विलायती जलरंगचित्रांचा लिलाव ऐन रंगात आला आणि अडला! विहिरीतून पाणी ओढणाऱ्या मोटेचं, दोनशे वर्षांपूर्वी एका गोऱ्या कॅप्टननं काढलेलं चित्र एकाऐवजी दोन प्रतींत निघालं. एक अस्सल, एक नक्कल.

तज्ज्ञ सबनीससाहेबांनी ऐटीत भिंग लावलं. "यात बैल दोर ओढत लांब गेलेत, मोट वर आलीय. बिनचूक! हेच अस्सल. दुसऱ्यात बैल विहिरीच्या काठाशीच, तरी मोट वर? ते फेका!"

"थांबा! अस्सल ते दुसरंच!" फलटणचे बागाईतदार सर्जेराव नाळे मागून ओरडले.

"पाहुणे, हा कांद्याचा लिलाव नाही."

"चौकटी तर काढा!"

चौकटी निघाल्या. सबनीसांचं 'बिनचूक' चित्र उजेडात धरताच कागदाच्या आत हल्लीच्या कागदगिरणीचं नाव उमटलेलं दिसलं. सभागृहात एकच गलका!

सबनीसांनी भिंग खाली ठेवलं. "तुम्ही ओळखलंत कसं?"

"त्या गोऱ्या साहेबानं मोट नुसती बघितली, कधी हाकली नाही, म्हणून चुकला. नक्कल करणारा आमच्यातला असणार. त्याला ती चूक बघवली नाही!"