ठकूबाईची माशी शिंकली

घाटात गाडीवाट नव्हती, नुसत्या पायवाटा होत्या, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. तिथं नदीकाठच्या खडकावर उभी राहून ठकूबाई नावाची एक बाई ओरडत होती, "खरं सांगते तर एकाचाही विश्वास बसत नाही! मी काय खोटं बोलायलाच जन्माला आले?"

लोक हसले. कारण ठकूबाईचं कामच मुळी खोट्याचं होतं. ती खोट्या माश्या बांधायची.

त्या नदीचं पाणी दात वाजतील इतकं गार. त्यात लाल ठिपक्यांचे मासे राहायचे. भारी चोखंदळ जात! गळाला गांडूळ लावा, पिठाची गोळी लावा, ढुंकून बघणार नाहीत. पाण्यावर उतरलेली माशी तेवढी खायचे. पण खरी माशी गळाला टोचायला जावं तर ती चिरडते. म्हणून ठकूबाई गळाचीच माशी करायची. मेण लावलेला रेशमाचा दोरा, सशाच्या कानामागची लव, कोंबड्याच्या मानेचं तांबूस पीस. दोरा गळावर गुंडाळायचा, लव वळून पोट करायचं, पीस गोल फिरवून पाय करायचे आणि शेवटची गाठ दातांनी ओढायची. आजेसासूपासून चालत आलेली रीत. ती माशी पाण्यावर ठेवली, की खऱ्या माश्याही येऊन तिची विचारपूस करतील अशी दिसायची.

दर वर्षी थंडी सरली, की पहिला मासा नदीच्या देवीचा. राजाचे नाईक तो धरायचे, देवीला दाखवायचे आणि परत पाण्यात सोडायचे. मगच गावाला मासे धरायची मोकळीक. तीन दिवसांत मासा लागला नाही, तर दोष माशीचा. मग ज्या हातांनी ती बांधली, त्या हातांनी जन्मात पुन्हा दोरा धरायचा नाही. असा नियम होता.

त्या वर्षी दोन दिवस गेले. मासा लागला नाही.

काम बिघडलं की माशी शिंकली म्हणतात ना? इथं तर माशी समोरच होती. लोकांना आयतंच सापडलं.

"ठकूबाईची माशी शिंकली गं!"

"पडसं झालं असेल तिला. रोज गार पाण्यात उतरवतात बिचारीला."

"गवती चहाचा काढा पाज की तिला, ठकूबाई!"

ठकूबाईला हसू येईना. हातातून दोरा गेला तर आपण उरतो किती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी ती डोहावरच्या खडकावर पालथी पडून पाण्यात बघत राहिली होती. तिनं पाहिलं, मासा वर आला. माशीखाली थांबला. तोंड उघडलं. आणि अगदी जवळ आल्यावर नाक मुरडून खाली गेला. एक नाही, सात मासे तसेच गेले. म्हणजे माशी बघून आले होते आणि वास घेऊन परतले होते.

वास कशाचा? तर तपकिरीचा. नाईक माशी पाण्यावर टाकण्याआधी ती चिमटीत धरून कपाळाला लावायचे. ही रीत जुनी. पण यंदा त्यांना तपकिरीचा नवा नाद लागला होता. त्याच चिमटीनं तपकीर नाकात, त्याच चिमटीनं माशी कपाळाला.

ठकूबाई हेच ओरडून सांगत होती आणि कुणी मानत नव्हतं. खरं तर मनातून सगळ्यांना पटलं होतं. पण नाईक म्हणजे राजाचे मामा. त्यांचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती. नुसतं 'नाईक' म्हणायचं, तेही मान खाली घालून. त्यापेक्षा माशी बरी. ती उलट बोलत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी राजा स्वतः आला.

"बाई, तुझी माशी शिंकते म्हणतात."

"महाराज, माशीला नाक असतं का?"

राजा विचारात पडला. "नसावं."

"मग शिंकेल कशानं?" ठकूबाईनं पदराच्या गाठीतून नवी माशी काढली. "घ्या. हुंगा."

राजानं हुंगली. "मेणाचा वास येतो. छान येतो."

"आता ही नाईकांना द्या. रीतीप्रमाणे कपाळाला लावू दे."

"या बाईच्या नादी लागून दिवस घालवायचा का?" नाईक गुरगुरले. पण राजानं माशी पुढं केली. नाईकांनी सवयीनं आधी चांदीची डबी उघडली, चिमूटभर नाकात ओढली, मग माशी घेतली आणि कपाळाला लावली.

"आता पुन्हा हुंगा महाराज. जरा जोरात!"

राजानं जोरात हुंगली.

आक्‌ऽऽ छी!

डोंगरानं ती शिंक तीनदा परत केली. राजाची पगडी उडाली ती थेट डोहात.

"सांगा आता," ठकूबाई लोकांकडे वळली. "कोण शिंकलं? माशी की महाराज?"

कुणाची हसायची हिंमत होईना. गाल फुगवून सगळे उभे. शेवटी राजालाच हसू फुटलं, आणि मग असा हशा उसळला, की झाडावरचे बगळे उडाले.

"मामा, हात बघू तुमचे," राजा म्हणाला.

"बघून काय होतंय?" ठकूबाई म्हणाली. "वाळूनं घासा, रिठ्यानं धुवा, आणि डबी ठेवा इथं खडकावर. मग नवी माशी तुम्हीच टाका, नाईक. गळाची काठी तुमच्यासारखी या राज्यात कुणाला फिरवता येत नाही. ते मी कुठं नाही म्हणते?"

नाईक लालबुंद झाले. पण खाली बसले आणि कोपरापर्यंत हात घासले. ठकूबाईनं ते हुंगून पाहिले आणि मगच माशी दिली. नाईकांनी काठी फिरवली. माशी पाण्यावर उतरली, जशी रुईची म्हातारी अंगणात उतरते.

खळ्ळकन पाणी फुटलं. हातभर लांब मासा, ठिपके कुंकवासारखे! देवीला दाखवला, पाण्यात सोडला, आणि बाया-बाप्ये काठ्या घेऊन असे धावले, की नदीला काठ उरला नाही.

आता राहिली दवंडी. दोन दिवस फुकट का गेले, ते गावाला सांगायची चाल होती. दवंडीवाल्यानं ढोलकं बडवलं. "ऐका हो ऐका! दोन दिवस मासा लागला नाही, कारण की माशी..."

"जीभ आवर!" ठकूबाई कडाडली.

"मग काय सांगू?"

"घडलं ते सांग."

"पण नाव कसं घेऊ गं बाई?" त्याच्या हातातली काडी थरथरायला लागली.

नाईक काठी पुसत होते. त्यांनी वर पाहिलं. "घे रे माझं नाव. दोन दिवस या बाईचं घेत होतास, तेव्हा नाही हात कापला?"

तेव्हापासून त्या राज्यात नियम झाला. काठी धरायची तर आधी हात घासायचे आणि ठकूबाईपुढं हुंगायला धरायचे. राजा असला तरी. ठकूबाई म्हातारी होईपर्यंत माश्या बांधत राहिली, आणि तिच्या माशीला पुन्हा कुणी पडसं लावलं नाही.

लहानांनो, आणि लहानांपेक्षा जास्त मोठ्यांनो, बोध कान उघडे ठेवून ऐका: मोठ्याचं नाव घ्यायला जे गाव भितं, ते गाव मुक्या माशीला शिंकायला लावतं.

आता दवंडी पुरी होऊ द्या.

"ऐका हो ऐका! दोन दिवस मासा लागला नाही, त्याला कारण तपकीर. आणि ती ओढणाऱ्याचं नाव, रायभान नाईक!"