पंतांनी न खाल्लेली काकडी

कीडमोड पुडीवर राजाचा शिक्का बसला आणि मोहरपूरच्या मळ्यांत किडीआधी माणसंच आडवी पडू लागली!

काकडीच्या वेलांवर ही पांढरी पूड उडवली की उडवणाऱ्याच्या डोळ्यांची आग आग व्हायची, घशाखाली पाणी उतरायचं नाही. मळेकरी म्हाळसाची आई तर एके दिवशी भिंत धरतच घरी आली आणि अंथरुणाला खिळली. गावच्या वैद्याने बजावलं, "ही पूड पुन्हा नाकाडोळ्यांत गेली, तर डोळे गेलेच समजा!" आता यांचं घर मळ्याच्या मधोमध. आणि शिक्क्याची पूड जो वापरणार नाही त्याचा मळा जप्त, असं फर्मान! म्हाळसाने पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

वज्रसेन महाराज हट्टाला मोठे पक्के. एकदा मारलेला शिक्का त्यांनी कधी मागे घेतला नव्हता. मागे एकदा चुकून त्यांच्याच जोड्यांवर सरकारजमेचा शिक्का बसला, तर जोडे खजिन्यात गेले आणि महाराज पावसाळाभर अनवाणी हिंडले!

"महाराज, ती पूड इख हाय!" म्हाळसा म्हणाली.

"विष?" महाराजांनी कारभारी रंगोपंतांकडे पाहिलं. नव्या पुडीची पारख करून शिक्का मारायचं काम या पंतांकडे होतं. त्यांनी ती पारख कशी केली, हे पूडवाल्याने त्यांच्या घरी पोचवलेल्या तुपाच्या बुधल्यांनाच ठाऊक.

"छे छे! अगदी निर्धोक, महाराज," पंत हसून म्हणाले. "तान्ह्या बाळाच्या टाळूवर चोळा, काही व्हायचं नाही!"

"मंग तुमच्या टकलावर चोळू का, पंत?"

दरबारात खसखस पिकली. महाराज मात्र चिडले.

"जीभ फार चालते तुझी, पोरी! विष आहे म्हणतेस, तर सिद्ध कर. पण माणूस आजारी पडता कामा नये, जनावर मरता कामा नये. आणि तुझा तो गावचा वैद्य साक्षीला चालणार नाही. ज्यांनी पारख केली त्या पंतांनीच भर दरबारात आपल्या तोंडाने विष म्हटलं पाहिजे! म्हणाले, तर शिक्का मागे घेईन. नाहीतर तुझ्या मळ्यावर दुप्पट पूड!"

"आणि पूड राजवाड्यात आणायची नाही!" पंतांनी घाईघाईने पुस्ती जोडली.

"का वो? निर्धोक हाय न्हवं?"

"गालिचे खराब होतात!"

म्हाळसाने वाकून मुजरा केला आणि घरी गेली.

ती परत आली एकादशीला. त्या दिवशी अख्ख्या दरबाराचा उपास असे. मळेकऱ्यांनी काकड्यांची पाटी आणायची, पहिली काकडी कारभाऱ्यांनी चाखायची आणि मग महाराजांनी खायची, अशी मोहरपूरची रीत होती. या खेपेला पाटी आणायची पाळी म्हाळसाने मागून घेतली होती. दुपार कलली होती आणि महाराजांच्या पोटात कावळे ओरडत होते.

"घ्या पंत, पैली तुमची," म्हाळसाने पाटी पुढे सरकवली.

पंतांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. हिरव्यागार काकड्यांवर पांढरी पूड भुरभुरलेली होती!

"मी... माझा आज उपास आहे."

"उपासाला काकडी चालती की!"

"मला वातूळ पडते!"

"काय सांगता?" महाराज म्हणाले. "मागच्या एकादशीला निम्मी पाटी तुम्हीच फस्त केलीत!"

"तेव्हाच पडली, महाराज!"

महाराजांचा धीर सुटला. "नका खाऊ! भुकेने माझा जीव चाललाय. आज रीत राहू दे!" त्यांनी सगळ्यात जाडजूड काकडी उचलली.

म्हाळसाने पंतांवर नजर रोखली. पंत आता गप्प राहिले तर सगळं फसलं! मळ्यावर दुप्पट पूड पडणार आणि आईचे डोळे जाणार. काकडी महाराजांच्या ओठांपर्यंत पोचली.

"महाराज, खाऊ नका! विष आहे ते! विष!"

पंतांनी झडप घालून काकडी हिसकावली आणि लांब भिरकावली. मग हात धोतराला पुसले. मग धोतरालाही लागलं हे ध्यानात आलं आणि ते धोतर झटकत जागच्या जागी नाचू लागले.



"काय म्हणालात, पंत?" महाराजांनी हळूच विचारलं.

"मी... म्हणजे... हिने अट मोडली, महाराज! पूड राजवाड्यात आणली!"

"पर तुमी तर निर्धोक म्हणाला हुता," म्हाळसा म्हणाली.

"म्हणून काय महाराजांनी खायची? ती मळेकऱ्यांनी उडवायची असते!"

"मळेकऱ्यांस्नी नाक-डोळं न्हाईत व्हय, पंत? आन् आमची काकडी बाजारात जाती, ती कोन खातं? बुजगावणी?"

 म्हाळसाने पाटीतली एक काकडी उचलली आणि कचकन मोठा चावा घेतला. "अगं अगं!" करत सारा दरबार उठून उभा राहिला.

"घाबरू नगा," ती चावता चावता म्हणाली. "पूड न्हाई आनली म्या. शिंगाड्याचं पीठ हाय, महाराज. उपासाला चालतं!"

महाराजांनी एक काकडी हातात घेतली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि चाटून पाहिलं. मग जे हसू फुटलं ते पागोटं घरंगळलं तरी थांबेना! "काढा तो शिक्का!" ते डोळे पुसत म्हणाले. "पोरी, जिंकलीस! माग, काय हवं ते!"

"माज्या आयला तुमचा राजवैद्य पाठवा. आन् हितनं पुढं नव्या पुडीवर शिक्का मारायचा आसंल, तर आदी पंतांनी हंगामभर आमच्या मळ्यात ऱ्हायाचं आन् सवता ती पूड उडवायची!"

"दिलं! दोन्ही दिलं! आणि वर सोन्याचं कडं!" महाराजांनी हातातलं कडं काढून तिच्या हातात ठेवलं. "पंत, शिक्क्यासाठी आज कुणी पूडवाला आलाय का हो?"

"बाहेर बसलाय, महाराज," पंत कपाळाचा घाम टिपत म्हणाले. "तुपाची बुधली घेऊन. आत्ता हाकलतो!"

आणि ते धोतर सावरत असे धावत सुटले, की महाराजांना हसू आवरेना, आणि हातातली काकडी काही केल्या खाता येईना!