ठमाईची ढगवाट

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकी किती ते मला विचारू नका, काळकड्याखाली मोटारीचा रस्ता नव्हता आणि कड्यावर विजेचा खांब नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. कडा मात्र तेव्हाही असाच होता. वर घाटमाथ्यावर हिरडेवाडी, खाली कोकणात पायरपाडा, आणि मध्ये हा काळा, उभा, आडदांड कातळ. वरून दगड सोडला तर तो खालच्या गावात पोचेल, पण माणूस पोचायचा नाही. माणसाला सगळ्या डोंगराला वळसा घालून तीन दिवस चालावं लागे आणि दोन मुक्काम रानात करावे लागत.

हिरडेवाडीत ठमाबाई नावाची बाई राहायची. हिरडा गोळा करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तोंडानं फटकळ, पायानं चपळ, आणि एकदा मनात घेतलं की खुद्द ब्रह्मदेव समजवायला आला तरी ऐकायची नाही. तिला एकच लेक, साळू. ती दिली होती पायरपाड्यात. इतक्या लांब का दिली असं कुणी विचारलं, तर ठमाबाई म्हणायची, लांब कुठली, ही काय माझ्या पायाखाली आहे. आणि खरंच होतं ते. कड्याच्या टोकाशी बसलं की साळूच्या घराचं गवती छप्पर दिसे. मायलेकींनी आपसात ठरवून टाकलं होतं की साळूनं रोज सकाळी छपरावर तांबडं लुगडं वाळत घालायचं. तांबडं दिसलं की लेक खुशाल. ठमाबाई आधी ते बघायची, मगच हिरड्याला जायची.

एका चैत्रात बांगड्या भरणारी कासारीण तीन दिवसांचा वळसा घालून वर आली आणि तिनं निरोप आणला. साळूला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत दोन्ही गावांची. पण साळूची सासू भिवराबाई मोठी सावध बाई. पोटुशी सून तीन दिवस चालवायची आणि दोनदा रानात निजवायची, हे तिला पटेना. तिनं सांगून धाडलं होतं की सकाळी निघून दिवस मावळायच्या आत माहेरचा उंबरा गाठणार असाल तर खुशाल न्या, नाहीतर सून इथंच बाळंत होईल. तिचंही काही चुकलं नव्हतं. पण बांगड्या भरता भरता साळूनं कासारणीच्या कानात वेगळंच सांगितलं होतं.

"आयेला म्हणावं, मला लई भ्या वाटतं. मला न्यायला ये."

ठमाबाईनं हे ऐकलं. तिनं त्याच दिवशी जाहीर केलं की कड्यातून वाट काढणार. तिचा नवरा हैबती गरीब स्वभावाचा माणूस. त्यानं समजावून पाहिलं की कड्याला वाट असती तर आपल्या आज्याच्या आज्याला सापडली नसती का. ठमाबाई म्हणाली की आज्याच्या आज्याची लेक खाली दिलेली नव्हती.

मग सुरू झाली तिची शोधाशोध. असं म्हणतात की त्या पंधरा दिवसांत तिनं जेवढा डोंगर पाहिला तेवढा गावानं सात पिढ्यांत पाहिला नव्हता. आज आपण ज्या जागा बोटानं दाखवतो ना, त्यातली प्रत्येक तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिली. ओढ्यानं कातळात कोरलेली नऊ रांजणकुंडं तिला सापडली, एकात एक पाणी झिरपत जाणारी, शेवटचं एवढं खोल की त्यात काठी बुडाली तरी तळ लागेना. ती वाट चुकीची होती, पण कुंडं बघून तिला इतका हर्ष झाला की काम विसरून तिनं नऊच्या नऊ कुंडांचं पाणी चाखलं. पुढे तिला तो सुळका सापडला, ज्याच्या माथ्यावर गिधाडं नांदत. आणि एक जागा तर अशी की कड्यावरून पान खाली टाकलं की ते गिरक्या घेत परत वर यायचं. ठमाबाईनं दहा पानं टाकली, दहाही परत आली. ती एकटीच टाळ्या पिटत हसली.

आणि तिथंच तिच्या डोक्यात उजेड पडला. वैशाख लागला होता. दुपार कलली की कोकणातून ढग निघत आणि कड्याशी येऊन अडत. त्या दिवशी ती नीट बघत बसली. सगळा ढग कड्याला टेकून उभा राहिला, पण एकाच ठिकाणी, कारवीच्या दाट जाळीमागून तो भराभरा वर येत होता, छपरातल्या फटीतून चुलीचा धूर निघावा तसा. ठमाबाई उठली आणि कोयत्यानं कारवी तोडत आत शिरली. समोर कातळाला आरपार भोक. त्यालाच आपण नेढं म्हणतो. वारा असा भणाणत येत होता की तिचा पदर डोक्यावरून उडाला. रांगत पलीकडे गेली, तर पायाखाली नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद घळ, दगडधोंड्यांनी भरलेली, थेट खाली उतरत गेलेली. तळाशी छप्पर, आणि छपरावर तांबडा ठिपका. ठमाबाई तिथंच बसून रडली आणि डोळे पुसून घरी पळाली.

दुसऱ्या दिवशी फटफटताच ती निघाली. बरोबर बांडी शेळी घेतली, कारण जिथं शेळीचा पाय ठरतो तिथं माणसाचाही ठरतो. हिरडा गोळा करणाऱ्यांची खुणेची एक रीत होती. वळणावर हिरवी डहाळी दगडाखाली दाबायची, शेंडा आलो त्या दिशेला. ठमाबाईनं प्रत्येक वळणावर अशी डहाळी ठेवली. मध्ये मोठी कातळाची फरशी लागली. तिथं तीन नाळा येऊन मिळत, तिन्ही सख्ख्या बहिणींसारख्या. तिथं तर तिनं चार डहाळ्या ठेवल्या. मागून बांडी काहीतरी चघळत येत होती. शेळीच ती, चघळायचीच, असं म्हणून ठमाबाईनं मागं वळूनही पाहिलं नाही.

सूर्य माथ्यावर यायच्या आधी ती पायरपाड्यात पोचली. आकाशातून पडल्यासारखी विहीणबाई दारात उभी बघून भिवराबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. पण शब्दाची पक्की बाई ती. तिनं ठमाबाईला भाकरी वाढली, सुनेची ओटी भरली, तांबडं लुगडं घडी करून तिच्या काखोटीला दिलं आणि पुन्हा एकदा बजावलं की दिवस मावळायच्या आत. ठमाबाईनं आनंदाच्या भरात बांडी शेळी तिला भेट देऊन टाकली. एक रात्र तिथं काढून सकाळी मायलेकी निघाल्या.

पहिल्याच वळणावर दगड होता, पण त्याखाली डहाळी नव्हती. नुसतं कुरतडलेलं देठ. दुसऱ्या वळणावरही तेच. ठमाबाई कपाळावर हात मारून खाली बसली. बांडीनं वाटभर तिच्या खुणा खाल्ल्या होत्या, एकही सोडली नव्हती. साळूला एवढं हसू आलं की तिला पोट धरावं लागलं. मग तिनंच दाखवलं की खाल्लं तिथं शेळीनं लेंड्याही टाकल्यात. झालं, मायलेकी लेंड्या बघत बघत चढू लागल्या. साळू दर शंभर पावलांवर बसे, घोटभर पाणी पिई, पुन्हा उठे. दुपार टळू लागली तेव्हा त्या कातळाच्या फरशीवर आल्या. आणि तिथं ना देठ उरलं होतं, ना लेंडी. शेळीनं डहाळ्या ओढल्यावर दगड निसटले होते आणि लेंड्यांसकट उतारावरून गडगडून गेले होते.

तीन नाळा. एक घरी जाणारी, दोन कड्यात संपणाऱ्या. चुकलं तर परत उतरायला दिवस पुरणार नाही, आणि साळूला आता वीस पावलांवरच बसावं लागत होतं. तेवढ्यात खालून ढग आला. आधी पायरपाडा गेला, मग सुळका गेला, मग हाताचं बोट दिसेना. ठमाबाईचा जीव आयुष्यात पहिल्यांदा घाबरला. कशाला आणलं पोरीला, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"आये, ढगात हलू नये, बसून ऱ्हावं. तूच सांगायचीस ना," साळू म्हणाली.

ठमाबाईला नेढ्यातून भणाणत वर येणारा वारा आठवला. मग तिनं पदराचं टोक सोडलं आणि चाचपडत पहिल्या नाळेच्या तोंडाशी जाऊन हात वर धरला. पदर मेल्यासारखा लोंबत राहिला. दुसऱ्या नाळेशी गेली, तिथंही तेच. तिसऱ्या नाळेशी हात वर केला आणि पदर सळसळत उठला, वरच्या अंगाला ताणला, जसं कुणी पलीकडून ओढतंय.

"उठ साळे," ती म्हणाली. "ह्यो ढग आपल्यालाच न्यायला आलाय. त्याला घर ठावं हाय."

लेकीच्या हातात तिनं पदर दिला आणि दोघी ढगाबरोबर चढू लागल्या. वारा पाठीवर असला की चालायचं, गालावर आला की थांबायचं, पुन्हा पाठ द्यायची. असं म्हणतात की त्या चढात साळूचे पाय जमिनीला लागलेच नाहीत, ढगानं तिला झोळीत घातल्यासारखं वर नेलं. साळूला विचारलं तर ती म्हणायची की पाय चांगलेच लागले, सोलून निघाले. पण ती हेही म्हणायची की पाठीवर हात होता, आणि आई तर पुढे होती.

नेढ्याच्या तोंडाशी हैबती पाण्याची कळशी घेऊन सकाळपासून बसला होता. ढगातून आधी पदर आला, मग ठमाबाई आली, मग साळू आली. त्यानं असा कुकारा दिला की अख्खी वाडी कड्याकडे धावली. उंबऱ्यावर साळूचा पाय पडला तेव्हा सूर्य अजून हातभर वर होता. ठमाबाईनं घरात पाऊल टाकलं नाही. ती लेकीच्या काखोटीचं तांबडं लुगडं घेऊन तशीच मागे पळाली आणि ते नेढ्याच्या तोंडाला बांधलं. ढग विरला होता. खाली अंगणात भिवराबाई उन्हाकडे पाठ करून वरच बघत उभी होती. तिनं तांबडं पाहिलं आणि मगच दिवा लावायला आत गेली.

दोन महिन्यांनी साळूला मुलगी झाली, माहेरी, आईच्या हातावर.

पुढे ठमाबाईनं वाटेवर डहाळी कधी ठेवली नाही. दगडावर दगड रचले, शेळीला चावता येणार नाहीत असे. किती लेकींना तिनं त्या वाटेनं आणलं आणि पोचवलं, त्याची गणती नाही. म्हातारी झाली आणि एका दुपारी नेढ्याशी लेकीचं छप्पर बघायला गेली, तेव्हा ढग चढत होता. तिची काठी तिथं मिळाली, ती मिळाली नाही. घर ठाऊक असलेला ढग तिला घेऊन गेला, असं म्हणतात.

आता ठमाईच्या त्या ढगवाटेनं शहरातली पोरंपोरी पाठीवर बोजे लावून येतात. मोबाईलातला नकाशा फरशीपर्यंत नीट चालतो, तिथं मात्र तोही गोंधळतो. मग वाडीतली जी बाई वाट दाखवायला असते ती त्यांना ओढणीचं नाहीतर रुमालाचं टोक सोडायला लावते, आणि ते सळसळत उठलं की ही मोठाली माणसं लहान मुलांसारखी ओरडतात. प्रत्येक जण खुणेच्या राशीवर एक दगड ठेवतो. वाटेत शेळी भेटली तर तिला रागावून भाकरीचा तुकडा देतात.

आणि वरची मुलगी खाली दिली की पायरपाड्यात पहिल्या सकाळी सासू स्वतःच्या हातानं सुनेला तांबडं लुगडं देते. छप्पर आता पत्र्याचं असलं तरी सून ते वर वाळत घालते. फोन आहेत, बोलणं रोज होतं. तरी त्या सकाळी वर नेढ्यात तिची आई येऊन उभी राहते, आणि तांबडं दिसल्याशिवाय कामाला जात नाही.