मथीचं पहिलं गिऱ्हाईक

माळावर माणसाची पायवाट उमटली नव्हती तेव्हाची गोष्ट. मथी नावाची कुंभारमाशी बिळांची दारं मातीने सुबक घडवायची, पण गिऱ्हाईकच मिळेना. दवंडी पिटायला तितर मूठभर दाणे मागायचा आणि मथीकडे तर कणही नव्हता.

एके सकाळी तिने उंदीरमामीलाच विचारलं, "मामी, घरात काही त्रास होतो का?"

"वारा सुटला की पिल्लांच्या डोळ्यांत धूळ जाते गं."

मथीने दाराला मातीचा वळणदार आडोसा घातला. वावटळ आली, तरी पिल्लं गाढ झोपून राहिली. मामीला राहवेना; भेटेल त्याला ती ओढून आणून दार दाखवू लागली.

दुपारी चिखलाने माखलेलं साळिंदर मथीकडे आलं. तिचे पंख आनंदाने थरथरू लागले.

"माझं दार मोठं आहे," ते म्हणालं, "म्हणून माती मीच मळून आणलीय."