तंबोरा गुणगुणत नाही

“मग वेबसाइटवर कोणता शब्द टाकू, चाचा?”

मकरंदनं तिसऱ्यांदा विचारलं. खलीलचाचा तंबोऱ्याचा भोपळा घासत होते. मिरजेच्या त्या गल्लीत तंबोऱ्याचं काम त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं, आणि मकरंद दहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला होता. हात तयार झाला होता. जीभ जरा जास्तच तयार झाली होती.

वर्षापूर्वी त्यानं तंबोरे दुरुस्तीचं स्वतःचं दुकान थाटलं, वेबसाइटही काढली. तिकडं कुणी फिरकलं नाही. येत्या सोमवारी कुपवाडच्या एका कारखान्यात नोकरीवर हजर व्हायचं होतं. शिकलेली विद्या हातातून जाणार, या विचारानं बिचाऱ्याला जेवण गोड लागत नव्हतं.

“‘तंबोरा दुरुस्ती’ म्हणून शोधलं की मोठी दुकानंच पुढं येतात. मी सातव्या पानावर. तिथवर कोण येतंय? लोक शोधतात, पण दुकानांनी अजून धरलेला नाही, असा शब्द पायजे मला.”

त्यानं वही पुढं केली. जवारी, घोडी, तारदान, अटी... कारागिरांच्या तोंडचे चाळीस शब्द होते.

चाचांनी चष्मा लावून सगळे वाचले.

“हे तुला कुणी शिकवले?”

“तुम्हीच.”

“मग दुरुस्तीला तंबोरा मी आणायचा का तुझ्याकडं?”

मकरंदनं वही मिटली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. विट्याहून एक बाई बोलत होत्या.

“आईचा तंबोरा आहे. ती गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. काल छेडला, तर गुणगुणतच नाही. रुसल्यासारखा वाटतो...”

“जवारी गेली म्हणतात त्याला, ताई. तंबोरा रुसत नसतो. घोडीवर तार बसते ती जागा झिजली, की आवाज...”

“बरं,” बाई हळूच म्हणाल्या. “घरी विचारून कळवते.”

फोन बंद झाला.

“काय म्हणत होत्या?” चाचांनी विचारलं.

“गुणगुणत नाही म्हणे. साधा शब्द ठाऊक नसतो लोकांना.”

“टाक की तेच तुझ्या यंत्रात.”

कोणता शब्द किती जण शोधतात ते दाखवणाऱ्या साइटवर मकरंदनं नाइलाजानं टाकलं. पडद्यावर आकडे आले तसे चाचा पुढं वाकले.

“किती जण विचारतात?”

“महिन्याला... तीस-बत्तीस.”

“आणि दुकानं किती?”

“एकबी नाही.”

“तुझ्या त्या मोठ्या शब्दाला?”

“हजारो विचारतात, चाचा.”

“त्यातले तुझ्या दारात किती आले?”

मकरंदचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. असंच काहीबाही म्हणत या दहा वर्षांत चाचांच्या दुकानाची पायरी चढलेली कितीतरी माणसं त्याला आठवली. प्रत्येकाचा शब्द त्यानं सुधारला होता. त्याला मनापासून लाज वाटली.

मग तो घाईघाईनं वेबसाइटवर लिहायला बसला. चाचांनी त्याचा हात धरला.

“ते संध्याकाळी लिही. आधी त्या ताईंना फोन लाव. म्हणावं, रुसवा काढायला येतोय.”